हे काढू नको बाबा

माझ्या लॅपटॉपमध्ये २०१९पासून एक फोल्डर पडून होता. लॅपटॉप दोनदा बदलला, फोल्डर दोन्ही वेळा सोबत आला. घर बदलताना न उघडलेलं खोकं येतं तसा. आत एक अर्धवट प्रोजेक्ट. गिटमधला शेवटचा कमिट मार्च २०१९चा आणि त्याचा मेसेज, 'उरलेलं परीक्षेनंतर'. परीक्षा झाली, नोकरी लागली, उरलेलं उरलंच.

असा एखादा फोल्डर तुमच्याकडेही असेल. सध्या असे फोल्डर उघडण्याचे दिवस आहेत. एआय असिस्टंटला सांगायचं, हा जुना कोड वाच, काय राहिलंय ते शोध आणि पूर्ण कर. फेब्रुवारी २०२५मध्ये आंद्रेय कारपथीने 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला तेव्हा त्यात गंमत होती: कोड म्हणून काही असतं हेच विसरून जायचं आणि पुढे जायचं. आता ऑफिसात तो गंभीर चेहऱ्याने वापरला जातो. मीही माझा फोल्डर उघडला. दोन रात्रींत सहा वर्षांचं काम झालं. नंतर बाबांनी ते वाचलं. हा लेख त्यानंतरचा आहे. खरं तर तो पीटर नाऊर या माणसाच्या एका जुन्या निबंधाबद्दल आहे, कारण त्या दोन रात्रींत मला वाटलं की नाऊर चुकला, आणि बाबांनी वाचल्यावर वाटलं की तो बरोबर होता. आता यातलं कुठलंच पुरतं खरं वाटत नाही.

दुकान

बाबांचं कराडला डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं. सगळं पेजमेकरमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये. या फॉन्टची गोम अशी की कॉम्प्युटरच्या लेखी तिथे मराठी नसतंच. त्याच्याकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात; फॉन्ट फक्त त्यांना मराठी वळणाचे कपडे घालतो. फॉन्ट गेला की मागे उरतो कचरा. महाराष्ट्रात दुकानांच्या, छापखान्यांच्या, लहान मासिकांच्या जुन्या सीडींवर असं कितीतरी मराठी आज न वाचता येणाऱ्या अवस्थेत पडलं आहे.

बाबांच्या सीडीवर एक फाइल होती आत्याची. आत्या तीस वर्षं लग्नाकार्यात स्वयंपाकाची कामं घ्यायची. शेवटच्या काही वर्षांत तिने वह्यांमध्ये त्या सगळ्याबद्दल लिहून काढलं आणि दुकान बंद झाल्यावर रात्री बाबांनी ते टाइप केलं. साधारण १४० पानं. २०११मध्ये आत्या गेली, पुस्तक छापायचं राहिलं. माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आणि माझ्या मैत्रिणीने हाच विषय घेतला: बाबांच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. प्रोजेक्ट तोंडी परीक्षेपुरता चालला. डेमोची चार पानं बरोबर यायची, पाचव्यावर कोड कोसळायचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कराडमध्ये पुराचं पाणी आलं, ते दुकानातही शिरलं, आणि आत्याच्या वह्या गेल्या. तेव्हापासून ती फाइल हीच एकमेव प्रत. तरीही मला सहा वर्षं लागली, हे इथे कबूल केलेलं बरं.

दोन रात्री

आमचा कोड पायथन २मध्ये होता. पायथन २ला मिळणारी देखभाल १ जानेवारी २०२०ला थांबली. त्यात बाइट आणि अक्षर यांतला फरक धूसर ठेवलेला असे. म्हणजे ज्या प्रोजेक्टचा जन्मच बाइटमधून अक्षर काढण्यासाठी झाला, त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. असिस्टंटने वीसेक मिनिटांत तो पायथन ३मध्ये आणला. पाचव्या पानावर कोड का कोसळतो ते शोधलं. ऱ्हस्व वेलांटीचा घोळ सोडवला. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशीच, अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. रफाराचं उलटं: फॉन्टमध्ये तो शेवटी, युनिकोडमध्ये आधी. 'कार्तिक' या एका शब्दात दोन्ही उलटापालटी एकदम कराव्या लागतात. आम्ही त्यावर महिना घालवला होता. असिस्टंटने ते नीट, वाचता येईल असं लिहिलं, त्याच्या चाचण्या लिहिल्या, सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या. शेवटी त्याने केलेल्या बदलांची यादी दिली. तिच्यात एक ओळ होती: रूपांतराच्या तक्त्यातली अनावश्यक अदृश्य अक्षरं आणि अनौपचारिक शेरे काढले. मी ती वाचली आणि मंजूर केली.

पहाटे तीन वाजता १४० पानं युनिकोडमध्ये माझ्यासमोर होती. मी आत्याचं पहिलं पान फोनवर वाचलं आणि रडले. ते रडणं खोटं नव्हतं, हेही नोंदवून ठेवते.

नाऊर काय म्हणतो

पीटर नाऊर हे नाव इंजिनिअरिंगच्या मुलांना 'बॅकस-नाऊर फॉर्म'मुळे पाच मार्कांपुरतं माहीत असतं. डेन्मार्कचा हा संगणकशास्त्रज्ञ. अल्गोल ६० या भाषेच्या कामासाठी त्याला २००५चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. १९८५मध्ये त्याने 'प्रोग्रॅमिंग ॲज थिअरी बिल्डिंग' हा छोटासा निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं सांगायला सोपं, पचवायला जड आहे. प्रोग्रॅम म्हणजे कोड नव्हे. प्रोग्रॅम म्हणजे तो लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तयार झालेली समज. ही 'थिअरी' तो गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाकडून घेतो. एखादी गोष्ट करता येणं आणि शिवाय ती का, कशी हे विचारल्यावर उलगडून सांगता येणं, असा तिचा अर्थ. कोड आणि कागदपत्रं हा त्या समजेचा गाळ. खाली बसलेला, उपयोगी, पण गाळच.

त्याचं उदाहरण कम्पायलरचं आहे. एका गटाने एक कम्पायलर बनवला. दुसऱ्या गटाला तो थोडा वाढवून दुसऱ्या यंत्रावर न्यायचा होता. त्यांना पूर्ण कोड मिळाला, भरपूर कागदपत्रं मिळाली, पहिल्या गटाचा सल्लाही मिळाला. तरी दुसऱ्या गटाने सुचवलेले बदल वारंवार ठिगळांसारखे निघाले. मूळ रचनेतच त्यासाठी सोय होती, कागदपत्रांत तिची चर्चाही होती, पण ती त्यांना दिसली नाही. पहिल्या गटाला ती लगेच दिसायची. पुढे काही वर्षांनी, मूळ गटाचा संबंध सुटल्यावर, नाऊरने तोच कम्पायलर पाहिला तेव्हा मूळची रचना ओळखू येत होती, पण नंतरच्या बेंगरूळ भरींनी निकामी झालेली होती.

यावरून तो प्रोग्रॅमचं आयुष्य सांगतो. समज असणारी माणसं कामावर आहेत तोवर प्रोग्रॅम जिवंत. ती पांगली की मेला. मग तो यंत्रावर चालत का असेना. आणि मेलेला प्रोग्रॅम नुसत्या कागदपत्रांवरून जिवंत करणं, तो म्हणतो, काटेकोर अर्थाने अशक्य. तसा प्रसंग आलाच तर जुना कोड टाकून द्या आणि नव्या माणसांना तोच प्रश्न नव्याने सोडवू द्या.

पहाटे तीन वाजता मला हे वाक्य आठवलं आणि हसू आलं. आमचा दोघींचा गट पांगून सहा वर्षं झालेली. कागदपत्रं शून्य. आणि मेलेला प्रोग्रॅम माझ्यासमोर चालत होता.

आचार्य

बाबांना मी प्रिंट काढून दिली. ते चष्मा लावून, बोटाने ओळ धरून वाचतात. प्रूफं तपासायची सवय. नवव्या पानावर थांबले.

"काय गं, हे आचार्य कुठून आले?"

आत्याने एका लग्नाबद्दल लिहिलं होतं. सगळ्या पंगती उठल्या, वाढपी जेवले, वाजंत्री जेवले, आणि आचाऱ्यांना कुणी विचारलं नाही. प्रिंटमध्ये होतं: आचार्यांना कुणी विचारलं नाही.

शाळेत हा फरक आपण सगळे शिकतो. आचारी, आचाऱ्यांना. आचार्य, आचार्यांना. एक र आडवा पडतो, एक र डोक्यावर चढतो. दऱ्या आणि दर्या. मग बाबा पेन घेऊन बसले. पायऱ्या 'पायर्या' झाल्या होत्या, वऱ्हाड 'वर्हाड', तऱ्हा 'तर्हा'. या शब्दांमध्ये निदान चूक दिसते. 'आचार्यांना' मात्र शुद्ध मराठी शब्द आहे, कुठलाही स्पेलचेकर त्याला अडवणार नाही. असा तो २९ ठिकाणी होता. ज्या पुस्तकात एक बाई आयुष्यभराच्या आपल्या धंद्याबद्दल लिहिते, त्यातून तो धंदाच गेला होता आणि जागी गुरुजन बसले होते. मी ते पान फोनवर वाचलं होतं. मला दिसलं नव्हतं.

कारण शोधायला पाच मिनिटं लागली. युनिकोडमध्ये आडवा र लिहायचे दोन मार्ग आहेत. एक, ऱ हे वेगळं अक्षर वापरायचं. दुसरा, नेहमीचा र, हलन्त आणि त्यापुढे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं एक अक्षर. हे अक्षर दिसत नाही, त्याला रुंदी नाही. ते काढलं की आडवा र उठतो आणि रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. आमच्या जुन्या तक्त्यात दुसरा मार्ग होता. असिस्टंटने काढलेलं 'अनावश्यक अदृश्य अक्षर' ते हेच. त्याचा तर्क वेडगळ नव्हता. वेबवरून, पीडीएफमधून चिकटवलेल्या मजकुरात अशी अक्षरं खरंच कचरा म्हणून येतात आणि ती झाडून टाकणं ही चांगली सवय समजली जाते. चाचण्या हिरव्या होत्या, कारण अपेक्षित उत्तरं त्याने त्याच झाडलेल्या तक्त्यातून तयार केली होती. विद्यार्थ्यानेच पेपर काढला, त्यानेच तपासला.

मग मी जुना कमिट उघडला. त्या ओळीसमोर रोमन लिपीत, विरामचिन्हांशिवाय, एक शेरा होता: हे काढू नको बाबा. 'अनौपचारिक शेरे'मध्ये तोही गेला होता.

तीन कसोट्या

प्रोग्रॅमची समज कुणाकडे आहे हे ओळखायला नाऊर तीन गोष्टी सांगतो. त्या माणसाला प्रोग्रॅमचा बाहेरच्या जगाशी काय संबंध आहे हे सांगता येतं. प्रत्येक भाग तसाच का आहे याचं कारण देता येतं. आणि नवा बदल मागितला तर तो जुन्या रचनेत नीट बसवता येतो.

असिस्टंटला या कसोट्या लावल्या की एक विचित्र गोष्ट दिसते. तिसऱ्या कसोटीत तो इतका हुशार आहे की पहिल्या दोन आपण विचारतच नाही. बदल मागा, मिळतो. तोही रचनेला धरून, आपल्यापेक्षा नीटनेटका. नाऊरच्या काळात वाईट बदल ठिगळासारखा दिसायचा आणि म्हणून सापडायचा. आता चुकीचा बदलही रचनेसारखाच दिसतो. दुसऱ्या कसोटीवर तो कधी गप्प बसत नाही. हे असं का आहे विचारलं की कारण हजर. पण ते कारण 'साधारणपणे असा कोड असा का असतो' याचं असतं, 'हा कोड असा का आहे' याचं नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकच निघतात. आमच्या २९ ठिकाणी निघाली नाहीत. पहिल्या कसोटीबद्दल बोलायलाच नको. त्याच्या जगात कराडचं दुकान नव्हतं, आणि मी ते सांगितलंही नव्हतं.

एमईटीआर या संस्थेने जुलै २०२५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुक्तस्रोत प्रकल्पांवर काम करणारे १६ अनुभवी प्रोग्रॅमर, त्यांच्या ओळखीच्या कोडवरची २४६ कामं. एआय वापरायची मुभा असताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के लवकर काम संपवलं असं वाटत होतं. अभ्यास छोटा आहे आणि तेव्हाच्या साधनांचा आहे, त्यावरून जगाचा निकाल लावू नये. मला त्यातला वेळेचा आकडा महत्त्वाचा वाटत नाही. वाटणं आणि असणं यांतली फट महत्त्वाची वाटते. पहाटे तीन वाजता मी त्याच फटीत उभी होते.

म्हणजे नाऊर जिंकला? माझंही आधी तेच मत झालं. पण मग मैत्रिणीला फोन केला.

फोन

ती आता जर्मनीत असते. मी विचारलं, तो आडव्या रचा कोड तुला आठवतो का? नाही. तक्ता आठवतो? नाही. पायथन २मध्ये का लिहिलं? "कुठल्यातरी ट्युटोरियलमध्ये होतं गं." नाऊर म्हणतो की समज माणसांत असते; इथे माणूस होता, धडधाकट, आणि समज नव्हती. माझ्यातही नव्हती. प्रोग्रॅम मरायला गट पांगावा लागत नाही, सहा वर्षांची नोकरी पुरते.

मग मी तो शेरा वाचून दाखवला. ती हसायला लागली.

"अगं, ते 'बाबा' म्हणजे तुझे बाबा! त्यांनी सांगितलं होतं काढू नका म्हणून."

दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे राहिली होती. एका रात्री मी झोपले आणि ती दुकानात कोड करत बसली. बाबांनी स्क्रीनकडे पाहून आडवा र चुकतोय म्हणून सांगितलं, कागदावर दोन्ही र काढून दाखवले, आणि तिने शोधून शोधून तो अदृश्य जॉइनर घातला. ती स्वतः त्यांना काका म्हणायची. शेरा माझ्यासाठी होता, म्हणून 'बाबा'. सहा वर्षांनी मी तो काकुळतीने केलेली विनवणी म्हणून वाचला, असिस्टंटने अनौपचारिक शेरा म्हणून. तो खरा होता संदर्भ. तळटीप.

इथे मला नाऊरची उणीव दिसते. पहिल्या कसोटीत तो बाहेरच्या जगाचं नाव घेतो, पण त्या जगातली माणसं त्याच्या निबंधात बोलत नाहीत. समज असते ती प्रोग्रॅमरकडे, आणि तीही गटाच्या आतच हस्तांतरित होते. आमच्या प्रोग्रॅमची सगळ्यात नाजूक समज ज्याच्याकडे होती त्याला एक ओळ कोड लिहिता येत नाही. गट पांगला, समज कराडमध्ये चष्मा लावून बसली होती. आम्ही तिला विचारलं नाही, एवढंच.

आणि म्हणून त्याचा सल्लाही मला मान्य नाही. जुना कोड टाकून द्या, असं तो म्हणतो. टाकला असता तर तो शेराही गेला असता. कोडमध्ये समज मावत नाही, हे नाऊरचं म्हणणं पटतं. पण समज कुठे राहते त्याचा पत्ता कोडमध्ये मावतो. कधी अर्धवट, कधी चुकीच्या स्पेलिंगमध्ये. जुना कोड वाचायचा तो या पत्त्यांसाठी.

मराठीत हे काम फार पूर्वी झालेलं आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची. तीनशे वर्षांत नकला होत होत तिच्यात पाठ बिघडत गेले. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती जमवून ती शुद्ध केली आणि कुणी तिच्यात आपली ओवी घालू नये असं बजावलं. नकला करणारे काही दुष्ट नव्हते. अडलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द लिहिणं हा प्रत्येक चांगल्या लेखनिकाचा मोह असतो. आमचा असिस्टंट असाच एक उत्तम लेखनिक आहे: वेगवान, न कंटाळणारा, सुवाच्य. त्याच्याकडून संपादकाचं काम होईल अशी अपेक्षा मी ठेवली, आणि संपादकाची खुर्ची मीच रिकामी सोडली होती.

आता

मी असिस्टंट सोडलेला नाही. सोडला असता तर हा लेख जास्त रुबाबदार झाला असता, पण काम पुन्हा सहा वर्षं लांबलं असतं. फक्त क्रम बदलला. आधी बाबांनी वहीत शब्द लिहून दिले, ज्यांची उत्तरं त्यांना तोंडपाठ आहेत: आचाऱ्यांना, दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड, कार्तिक, असे साठ. त्या झाल्या चाचण्या. मग असिस्टंटला सांगितलं, कारण माहीत नसलेली कुठलीही ओळ काढू नको, तिची यादी कर आणि मला विचार. त्याने ४३ प्रश्नांची यादी दिली. चांगले प्रश्न होते. १७ची उत्तरं मला देता आली, २०ची बाबांनी दिली, पाच मैत्रिणीने रविवारी व्हिडिओ कॉलवर.

एक उरला. आमटीच्या मसाल्याच्या यादीत एक शब्द आहे. तो फॉन्टची चूक आहे, बाबांच्या टायपिंगची चूक आहे, की आत्याचाच एखादा शब्द आहे, हे बाबांना सांगता येत नाही. वह्या पुरात गेल्या. असिस्टंटने त्याच्या जागी तीन शब्द सुचवले, तिन्ही चवीला बरे लागतील असे. या एका शब्दापुरता नाऊर पूर्ण बरोबर आहे.

मी तो तसाच ठेवलाय. कोडमध्ये त्या ओळीसमोर शेरा लिहिला: हे काढू नये, आत्याचं असू शकतं. या वेळी स्वल्पविराम दिला आणि खाली आत्या म्हणजे कोण तेही लिहिलं.